कवडशांतला बिबट्या कृष्णधवल केला की हरवतो कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मोठ्या झाडाखाली कवडशांत पहुडलेला बिबट्या तुम्हाला मिळाला. ४०० मिमीच्या लेन्सने तुम्ही त्याचे साठ-सत्तर फोटो काढले. रंगीत फोटो बघणाऱ्याला लगेच आवडतो, पण तोच कृष्णधवल केला की बिबट्या कुठे संपतो आणि पाचोळा कुठे सुरू होतो तेच कळेनासं होतं. काँट्रास्ट वाढवला तर सगळी फ्रेम चितकबरी, कमी केला तर राखाडी लगदा. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, कोणता स्लायडर कितीवर ठेवू?

स्लायडरचं सांगते, पण नंतर. कारण घोळ स्लायडरच्या बराच आधी झालेला आहे.

रंगीत फोटोत तुम्हाला बिबट्या दिसत होता तो रंगामुळे. अंग सोनेरी, पानं हिरवी, सावली निळसर. रंग काढून घेतलात आणि मागे उरलं फक्त उजळ आणि गडद. आता बिबट्याच्या अंगावर उजळ-गडद ठिपके, पाचोळ्यावर तसेच, मागच्या झुडपावरही तसेच. डोळ्याने धरायचं कशाला? ज्या जनावराची कातडीच ऊन-सावलीत विरघळायला घडलेली आहे, त्याला तुम्ही त्याच्या हक्काच्या उजेडात गाठलंत आणि वर हातातलं मुख्य हत्यार खाली ठेवलंत.

यात एक गंमतही आहे. हरणांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक आपल्यासारखा कळत नाही. त्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या डोळ्यांत तीन. वाघाचं नारिंगी अंग त्यांना आजूबाजूच्या हिरवळीपासून फारसं वेगळं दिसत नाही. म्हणजे फोटो कृष्णधवल करताना तुम्ही बघणाऱ्याला जवळपास हरणाच्या जागी नेऊन बसवता. हरीण फसतं तिथे तो फसला तर त्याचा काय दोष!

म्हणून कवडशांतल्या कृष्णधवल फोटोचा विचार मी उलट्या टोकाने करते. आधी जनावर आणि मग त्याच्यावरचा उजेड, असं नाही. आधी उजेडाचा एक तुकडा निवडायचा आणि त्यात जनावराचा नेमका कोणता भाग यायला हवा ते ठरवायचं. बाकीचं अंग अंधारात गेलं तर जाऊ द्यायचं. ही एवढी एक गोष्ट पटली की पुढचं बरंचसं आपोआप सुचत जातं.

आता यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे तेही सांगायला हवं, नाहीतर माझा सल्ला तुमच्या जंगलात लागू पडायचा नाही. पहिलं म्हणजे कातडी. हत्ती, गवा, सांबर, रानडुक्कर ही एकरंगी जनावरं म्हणजे कोरा कागद. त्यांच्यावर पडलेला कवडसा हा कवडसाच दिसतो. वानराचं काम त्याहून सोपं, कारण काळा चेहरा आणि फिकट अंग हा काँट्रास्ट त्याच्याकडे मुळातच आहे. पट्टेवाली जनावरं मधली. पट्ट्यांना दिशा असते, ठिपक्यांना नसते, म्हणून पट्टे गोल कवडशांपासून थोडे तरी सुटे राहतात. बिबट्या आणि चितळ सगळ्यांत अवघड. तुम्ही सुरुवातच सगळ्यांत अवघड गणिताने केलीत, तेव्हा निराश व्हायचं काही कारण नाही. दुसरं म्हणजे झाडांची उंची, तिसरं वारा, आणि चौथं, तुम्हाला जागेवरून किती हलता येतं.

झाडांच्या उंचीवर थोडं थांबते, कारण याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. कवडसा गोल का असतो? पानांमधली फट वेडीवाकडी, तरी जमिनीवर पडणारा ठिपका गोल किंवा लंबगोल. कारण तो फटीचा आकार नसतोच, ती सूर्याची प्रतिमा असते. लहान फट पिनहोल कॅमेऱ्यासारखी काम करते. खंडग्रास ग्रहणात झाडाखाली चंद्रकोरीच चंद्रकोरी पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील, त्या याचमुळे. आपल्याला सूर्य साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून फटीपासून जमिनीपर्यंतचं अंतर भागिले साधारण १०८, एवढा तरी ठिपका पडतोच. १० मीटरवरच्या फटीतून आलेला कवडसा ९ सेंटीमीटरचा. २-३ मीटर उंचीच्या झुडपातून आलेला २-३ सेंटीमीटरचा.

आता चितळाच्या अंगावरचे पांढरे ठिपके आठवा. साधारण त्याच मापाचे! म्हणून चितळ बुटक्या झुडपांखाली उभं असेल तर कृष्णधवलचा विचार मी सरळ सोडून देते. तेच चितळ उंच झाडांखाली आलं की कवडसे मोठे आणि मऊ कडांचे होतात, कातडीवरचे ठिपके बारीक आणि रेखीव राहतात, दोन्हींची मापं वेगळी पडल्याने डोळा त्यांची वाटणी करू शकतो. बिबट्यालाही हेच लागू. त्याच्या अंगावरच्या फुलांपेक्षा, म्हणजे काळ्या ठिपक्यांच्या गोल नक्षीपेक्षा, कवडसा चांगला दुप्पट-तिप्पट मोठा असेल तर एका कवडशात पाच-सहा फुलं मावतात आणि तो भाग कातडी म्हणून ओळखू येतो. कवडसा फुलाएवढाच असला तर मात्र संपलं.

याच हिशेबातून आणखी एक कामाची गोष्ट निघते. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढं अंतर तो दोन मिनिटांत कापतो. म्हणून लहान कवडसाही साधारण दोन मिनिटांत आपल्या रुंदीएवढा सरकतो. १० मीटर उंचीवरच्या फटीचा कवडसा मिनिटाला ४-५ सेंटीमीटर. आणि सूर्य पश्चिमेकडे जातो म्हणून कवडसे ढोबळमानाने पूर्वेकडे जातात. जनावर शांत बसलेलं असेल तर तुम्ही चक्क अंदाज बांधू शकता, की खांद्यावरचा उजेड चेहऱ्यावर येणार की पाठीवरून उतरून जाणार.

एकदा एक वानरीण बुंध्याला टेकून बसली होती, पोटाशी पिल्लू. कवडसा तिच्या उजव्या खांद्यावर, चेहरा पूर्ण सावलीत. तिची डावी बाजू पूर्वेकडे होती. माझ्याबरोबरचे दोघे भराभर फोटो काढून मोकळे झाले आणि मी नुसती बसून राहिले. खांद्यापासून गालापर्यंत वीतभर अंतर, म्हणजे चार-पाच मिनिटं. उजेड मानेवर आला, मग गालावरच्या केसांवर, आणि तिने नेमकी तेव्हा मान फिरवली. मी मनातल्या मनात जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिनिटभराने तिने मान परत वळवली. भुवईवरचे ताठ केस एकेक करून पेटल्यासारखे उजळले होते, काळ्या चेहऱ्याला पहिल्यांदा कातडीचा पोत आला होता, एका डोळ्यात बारीकशी चमक होती आणि खाली काळोखात पिल्लाची चार बोटं तिच्या केसांत रुतलेली. तीन फ्रेम मिळाल्या. त्यांतल्या एकीत पिल्लाची बोटंही धारदार आली. त्या फ्रेममध्ये वानरिणीचं तीन चतुर्थांश अंग दिसतच नाही आणि आजवर मला कोणी विचारलेलं नाही की बाकीची वानरीण कुठे गेली.

तेव्हा पहिला मार्ग हा, एकाच कवडशाचा. चेहरा, त्यातही एक डोळा आणि त्याच्या आसपासचा भाग उजेडात असायला हवा. चेहऱ्यावर कवडसा नसेल आणि पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांडीच्या वरच्या भागावर, झगझगीत असेल तर फोटो चेहऱ्याचा राहत नाही, पुठ्ठ्याचा होतो. कृष्णधवलमध्ये डोळा सगळ्यांत उजळ ठिकाणी आधी जातो, किंवा जिथे सगळ्यांत उजळ आणि सगळ्यांत गडद एकमेकांना चिकटलेले असतात तिथे. हे ठिकाण तुम्ही ठरवलं नाहीत तर फ्रेमच्या कोपऱ्यातलं एखादं चुकार पान ठरवतं.

दुसरा मार्ग अगदी उलटा. जनावर लहान ठेवायचं, कवडशांची सगळी जाळी फ्रेममध्ये घ्यायची आणि बघणाऱ्याला शोधू द्यायचं. तुमच्या फोटोसारखाच गोंधळ, पण मुद्दाम केलेला. मात्र शोधणाऱ्याला धागा लागतो आणि तो धागा म्हणजे कुठेही न तुटलेली एक रेषा. आडव्या फांदीवरून सरळ खाली लोंबणारं बिबट्याचं शेपूट हा त्याचा उत्तम नमुना. झाडावरचा बिबट्या प्रत्यक्ष पाहतानाही आपल्याला अनेकदा आधी शेपूट दिसतं. माझ्याकडे असा एक फोटो आहे. त्यात अंग पूर्ण पानांत विरलेलं, पण शेपटाच्या मागे सावलीतला बुंधा आहे आणि शेपटाच्या एका कडेवर वरपासून टोकापर्यंत ऊन. बघणारा शेपटावरून वर चढतो आणि मग त्याला पाठ सापडते, मग कान. अशी रेषा नसेल, म्हणजे पाठीची कड तीन ठिकाणी कवडशांनी तोडलेली असेल, शेपूट पाचोळ्यात असेल, कान झुडपासमोर असतील, तर दुसरा मार्ग बंद समजा.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तुमचा फोटो या दोन्हींच्या मधे कुठेतरी अडकलाय. बिबट्या पुरेसा मोठा आहे म्हणून तो शोधायचा खेळ नाही, आणि उजेड पाच-सात ठिकाणी सारखाच वाटला गेलाय म्हणून एका जागेवर नजर ठरत नाही.

आता पार्श्वभूमीकडे. डोक्याच्या कडेमागे एकच टोन हवा, सलग गडद किंवा सलग फिकट. अर्धं डोकं काळ्यासमोर आणि अर्धं पांढऱ्यासमोर आलं की कृष्णधवलमध्ये त्याचे दोन तुकडे होतात. हे साधायला फार हलावं लागत नाही. जनावर २० मीटरवर आणि मागची झाडी ४० मीटरवर असेल तर तुम्ही जागेवरच ३० सेंटीमीटर डावीकडे कललात की मागची झाडी जनावराच्या मापाने १५ सेंटीमीटर डावीकडे सरकते. बिबट्याच्या डोक्यामागचा एखादा पांढरा डाग तेवढ्याने कानाबाहेर जातो किंवा नेमका कानात घुसतो. गाडीत बसूनही एवढं हलता येतं. तरीही बहुतेक लोक व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की पुतळ्यासारखे होतात.

उंचीबाबत माझं मत जरा वेगळं आहे. वन्यजीवांचे फोटो काढायला लागलं की पहिला उपदेश मिळतो तो खाली बसा, जनावराच्या डोळ्यांच्या पातळीवर या. उघड्या माळावर तो शंभर टक्के बरोबर. पण कवडशांच्या जंगलात खाली बसलात की जनावराच्या मागे झाडांच्या फटींतून दिसणारं आकाश येतं, आणि फटीतलं आकाश बहुधा पाचोळ्यावरच्या कवडशापेक्षाही झगझगीत. वर लेन्स पूर्ण उघडी असली की त्या फटींच्या मोठमोठ्या पांढऱ्या चकत्या होतात. रंगीत फोटोत त्या हिरवट-सोनेरी, गोड दिसतात. कृष्णधवलमध्ये बिबट्यामागे दिव्यांच्या माळा लावल्यासारखं दिसतं. अशा वेळी मी उलट थोडी वर सरकते, म्हणजे मागे आकाशाऐवजी जमीन येते. जमिनीवर कवडसे असतातच, पण ते आकाशाइतके बोचत नाहीत आणि नंतर दाबता येतात. डोळ्यांच्या पातळीची जवळीक थोडी जाते, हे खरं. ती किंमत मी मोजते. मागे दाट सावलीची दरड किंवा जाड बुंधा असेल तर मात्र खुशाल खाली बसा.

प्रकाशाच्या दिशेबद्दल थोडक्यात. ॲबट थेअर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली एक गोष्ट मांडली होती. बहुतेक जनावरांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं. वरून ऊन आलं की पाठ उजळते, पोटावर सावली पडते आणि दोन्ही एकमेकांना खोडून जनावर सपाट दिसतं. डोक्यावरच्या उन्हातले कवडसे म्हणूनच दुहेरी नुकसान करतात, आकार सपाट होतो आणि वर त्यावर ठिगळं पडतात. सूर्य खाली असताना, सकाळच्या पहिल्या दीड-दोन तासांत किंवा संध्याकाळी, उजेड बाजूने येतो, पोटाची गोलाई दिसते आणि कवडसेही लांबट होऊन अंगाच्या वळणावरून वाहिल्यासारखे पडतात. जनावराच्या मागून येणारा कवडसा तर कडेच्या केसांना रुपेरी रेघ ओढून देतो. हा उजेड मिळाला की मी बाकी सगळे विचार बाजूला ठेवते.

वाऱ्याचं म्हणाल तर पानं हलत असतील तर कवडसे चेहऱ्यावरून नुसते लुकलुकत राहतात. त्या वेळी विचार करत बसू नका, बर्स्ट लावा, म्हणजे एका दाबात भराभर अनेक फोटो निघतील. दहा फ्रेममधली एखादी जुळते.

एक्स्पोजरमध्ये होणारी चूक अशी, की जंगल अंधारलेलं दिसतं म्हणून आपण आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेऱ्याने द्यायचा प्रतिसाद, ३२०० करून बसतो. कॅमेराही सरासरी काढून फ्रेम उजळ करतो आणि कवडसे जळून पांढरेफटक होतात. कवडसा आणि शेजारची सावली यांत मला बहुधा ३ ते ५ स्टॉपचा फरक मिळतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, ४ स्टॉप म्हणजे १६ पट. म्हणून मी मॅन्युअलवर जाते आणि एक्स्पोजर कवडशासाठी ठरवते. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा) आणि साधारण १/१०० सेकंद, हा जुना फिल्मचा नियम अजून चालतो. त्यावरून एफ ५.६ आणि आयएसओ ४०० ला १/३२०० येतं. लहान फटीतून आलेला कवडसा पूर्ण उन्हापेक्षा मंद असतो, म्हणून मी १/१६०० वर सुरुवात करते, एक फ्रेम काढून जळलेल्या भागाची लुकलुकती सूचना पाहते आणि तिथून वर-खाली करते. याचा फायदा दुहेरी. कवडशात केसन् केस शाबूत राहतो, आणि आयएसओ कमी राहिल्याने सावलीतला तपशील नंतर उचलायला जागा उरते. आयएसओ दुप्पट केला की सेन्सरची पोच, म्हणजे गडद ते उजळ किती फरक तो टिपू शकतो ती, ढोबळमानाने एक स्टॉपने घटते, आणि इथे तर आपल्याला एकेक स्टॉप जपायचा आहे.

मागच्या पडद्यावर फोटो भीतीदायक काळा दिसेल. दिसू दे.

फाइल रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या प्रकारातच हवी, पण कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल मोनोक्रोम ठेवा. रॉमध्ये सगळे रंग शाबूत राहतात, फक्त पडद्यावर कृष्णधवल दिसतं. कॅमेऱ्याला इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर असेल तर मग काय, शटर दाबण्याआधीच बिबट्या हरवतोय की नाही ते कळतं. नसेल तर डोळे किलकिले करून पाहा. पापण्यांच्या फटीतून तपशील पुसला जातो आणि फक्त मोठे टोन उरतात. मात्र एक सावधगिरी बाळगा. सोनेरी-नारिंगी अंगावर लाल चॅनेल सगळ्यांत आधी जळतो, आणि पडद्यावर फक्त एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-गडद भागांचा आलेख) असेल तर ते लक्षात येत नाही. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दाखवायची सोय असेल तर ती चालू ठेवा.

फोकसचं एकच सांगते. ऑटोफोकसला काँट्रास्ट आवडतो आणि कवडशातलं समोरचं पान बिबट्याच्या सावलीतल्या डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त काँट्रास्टचं असतं. डोळा ओळखणारी यंत्रणाही अशा वेळी चाचपडते. एकच लहान फोकस पॉइंट घ्या आणि डोळ्यावर ठेवा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर कवडशाचं माप कातडीच्या ठिपक्यांपेक्षा मोठं हवं, उजेड चेहऱ्यावर किंवा एका सलग रेषेवर हवा, डोक्यामागे एकच टोन हवा आणि एक्स्पोजर कवडशासाठी हवं. यातल्या तीन गोष्टी जमल्या तर प्रोसेसिंग वीस मिनिटांचं. दोनच जमल्या तर रात्र जाते आणि हाती फारसं काही लागत नाही.

आता तुमचे स्लायडर. आकड्यांतून दाखवते म्हणजे नेमकं काय होतं ते कळेल. समजा उन्हातल्या सोनेरी अंगाचा एक पिक्सेल लाल २००, हिरवा १५०, निळा ९० असा आहे, आणि उन्हातल्या हिरव्या पानाचा लाल १२०, हिरवा १६०, निळा ६०. रंगात जमीन-अस्मानाचा फरक. पण उजळपणा काढायच्या प्रमाणित सूत्रात लालला साधारण २१ टक्के, हिरव्याला ७२ टक्के आणि निळ्याला ७ टक्के वजन असतं. ढोबळ हिशेब केला तर अंग १५६ आणि पान १४४. २५५ पैकी जेमतेम १२चा फरक. तुमचा बिबट्या या बारामध्ये हरवलाय! तेच फक्त लाल चॅनेल पाहिलात तर २०० आणि १२०. म्हणून कृष्णधवलच्या मिक्समध्ये, म्हणजे कोणता मूळ रंग किती उजळ दिसावा ते ठरवणाऱ्या स्लायडरमध्ये, नारिंगी वर आणि हिरवा खाली, ही सुरुवात. पिवळा जपून हलवा, कारण उन्हातल्या पानांत आपल्याला वाटतं त्यापेक्षा पिवळा बराच जास्त असतो आणि सोनेरी अंगातही तो असतोच. फिल्मच्या काळात लेन्सवर नारिंगी किंवा लाल फिल्टर लावून हेच करायचे.

पण पाचोळा वाळलेला असेल, गवत पिवळं पडलेलं असेल, तर ही युक्ती पांगळी पडते. अंग आणि पाचोळा दोन्ही नारिंगी-पिवळ्यातच, एक उचललं की दुसरं सोबत येतं. तिथे स्लायडरकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

निळ्या स्लायडरचा उपयोग वेगळा आहे. कवडसा पिवळसर असतो आणि सावलीत वरच्या आकाशाचा निळेपणा उतरलेला असतो. करड्या किंवा पांढऱ्या अंगाच्या जनावरावर निळा आणि निळसर हिरवा थोडा वर नेला की सावलीतले भाग उजळतात, कवडशांशी असलेला फरक घटतो आणि ठिगळं सौम्य होतात. वानरावर हे छान चालतं. थोडाच न्या, नाहीतर सावलीत रवाळपणा येतो आणि कडांना पांढरी प्रभावळ येते.

मिक्स झाला की स्थानिक काम. इथे मी झोन सिस्टिमच्या भाषेत विचार करते. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास बसवलेली ही रीत, शून्य ते दहा अशा टोनच्या पायऱ्या, पाच म्हणजे मधला करडा. चेहऱ्यावरचा कवडसा सातव्या पायरीवर, चेहऱ्याचा सावलीतला भाग तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. आणि नियम एकच, चेहऱ्याखेरीज फ्रेममध्ये दुसरं काहीही सातवर नको. पाचोळ्यावरचे कवडसे ब्रशने पाचपर्यंत खाली आणा. एकेक करून आणा, सगळे एकदम नको, नाहीतर उजेडच खोटा वाटायला लागतो. जळून गेलेला कवडसा मात्र दाबायला जाऊ नका. त्यात तपशीलच नसतो, तो नुसता राखाडी डाग होतो आणि पांढऱ्यापेक्षा वाईट दिसतो. आणि क्लॅरिटी, टेक्स्चर असले स्लायडर अख्ख्या फ्रेमवर मुळीच नकोत. ते प्रत्येक कवडशाची कड धारदार करतात, म्हणजे आपण जे मिटवू पाहतोय तेच वाढवतात. तुमच्या चितकबऱ्या फ्रेममागे मला याच स्लायडरचा संशय आहे. फक्त चेहऱ्यावर थोडी द्या, पार्श्वभूमीवर उलट उणे करा.

टोन वर-खाली करणं मला मान्य आहे, डाग किंवा फांदी पुसून टाकणं नाही. स्पर्धांचे नियमही साधारण याच रेषेवर असतात, तरी पाठवण्याआधी वाचून घ्या. आणि प्रत्यक्ष जागेवर फांदी मोडणं, आवाज करून जनावराला मान वळवायला लावणं हे तर नकोच.

काम झालं असं वाटलं की फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा करून बघा. त्या मापात बिबट्या सापडला तर मोठ्या मापात सापडेलच. नाही सापडला तर मोठ्या मापात तो तुम्हालाच दिसतोय, कारण तो कुठे आहे हे तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे.

आता तुमच्या त्या साठ-सत्तर फोटोंचं. निवडताना सगळ्यांत स्पष्ट बिबट्या कुठला, हे बघू नका. पहिल्या आणि शेवटच्या फोटोची वेळ बघा. दहा-पंधरा मिनिटांचं अंतर असेल तर तेवढ्यात कवडसे पाच-सात वेळा आपल्या रुंदीएवढे सरकलेले असणार. एखाद्या फ्रेममध्ये उजेड डोळ्यापाशी आलेला असेल आणि तुम्ही तेव्हा बाद ठरवली असेल, कारण बाकीचं अंग काळं पडलं होतं. मी असते तर आधी तीच उघडली असती. तशी एकही नसेल तर त्यांतला सगळ्यांत चांगला फोटो रंगीतच ठेवा. रंगात तो छान आहे असं तुम्हीच म्हणताय, आणि कृष्णधवल म्हणजे काही आजारी फोटोंचा दवाखाना नाही. पुढच्या वेळी बिबट्याच्या आधी एखादं सांबर किंवा वानर बघा, उंच झाडाखाली शांत बसलेलं, आणि कवडसा त्याच्या नेमका कुठल्या बाजूला आहे ते पाहून कॅमेरा मांडीवर ठेवा. चार मिनिटं फार लांब वाटतात, पाणी प्यायला घेऊ नका. माझी एक फ्रेम त्यातच गेली आहे.